पुण्याच्या नावानं

पुण्याचं नाव काढलं की माणसं काय काय करतात ते नाशिककर म्हणून मी भरपूर पाहिलंय. कुणी नाक मुरडतं, कुणी एक ते चारचा विनोद पुन्हा सांगतं, कुणाचा मुलगा हिंजवडीला असतो. पण मिसळीत बुडवलेला चमचा तसाच थाळीत ठेवून समोरच्यानं माझ्याकडे टक लावून बघावं, हे पहिल्यांदाच झालं. आमच्या अंबडच्या कारखान्यात नवीन मशीन आलं होतं आणि ते बसवायला इंग्लंडहून एक इंजिनिअर आला होता. माझ्याच वयाचा असेल, पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा. रविवारी पाहुण्याला हॉटेलात एकट्यानं सँडविच खायला लावायचं बरं दिसेना, म्हणून गंगापूर रोडच्या पुढे झाडाखाली चुलीवरची मिसळ मिळते तिथे त्याला घेऊन गेले. काळ्या रश्शावर त्यानं वाटीभर दही ओतलं, पापड मोडला, जिलेबीकडे संशयानं पाहिलं. मग नेहमीच्या चौकश्या झाल्या. मी म्हटलं, माहेर इथलंच, शिक्षण पुण्याला झालं. चमचा ठेवला गेला तो तेव्हा.

'पूना,' तो म्हणाला. 'त्या गावाच्या नावानं मी पावसात उभा राहून ओरडलोय.'

तो ब्लॅकबर्नचा होता. हे गाव कुठे, आणि त्याचा पुण्याशी काय संबंध, हे मला ठाऊक होतं, पण पेपरात वाचून विसरून जावं इतपतच. २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या वेंकीज या कोंबडी-अंड्यांच्या कंपनीनं इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला, तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत ती बातमी जरा छाती फुगवूनच आली होती. २ कोटी ३० लाख पौंडांत प्रीमियर लीगमधला, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधला क्लब, आणि घेणारे कोण, तर आपले कोंबडीवाले. ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. त्यानंतर तिकडे काय झालं याची आपल्यापैकी फार कुणी चौकशी केली नाही. मीही नाही. आणि आता त्या 'नंतर'मधला एक माणूस माझ्यासमोर बसून पाव कुस्करत होता.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. 'तुमच्या लोकांनी आमचा क्लब घेतला,' असं तो म्हणाला त्यातल्या 'तुमच्या लोकां'चा. माझं त्या कंपनीशी नातं एवढंच की मी तिची अंडी खाल्ली असतील. मग त्या रागाच्या तळाशी एक हलकट आनंदही होता, तो लपवत नाही. आमच्याकडे शंभर वर्षं तुमच्या एका कंपनीचं राज्य होतं बाबा, तुम्ही एका क्लबाचं काय घेऊन बसलात, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पाहुणा म्हणून गिळलं. आणि तिसरं म्हणजे चक्क ओशाळल्यासारखं झालं. लांबच्या चुलत्यानं कुणाचे तरी पैसे बुडवावेत आणि तो माणूस आपल्याला लग्नात भेटावा, तसं. हे तिन्ही एकाच घासाला.

पुढचे काही दिवस मशीनची चाचणी चालू असताना, ऑइल बदलेपर्यंत, कुणी तरी सही घेऊन येईपर्यंत, तो तुकड्यातुकड्यांत सांगत राहिला. ब्लॅकबर्न म्हणजे कापडाचं गाव. इतकं कापडाचं, की फुटबॉलसुद्धा तिथे गिरण्यांतूनच मोठा झाला. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या गिरणीवाल्या, कामगारांच्या संघानं एफए कप या इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना हरवलं. तोवर तो कप साहेबलोकांच्याच कपाटात असायचा. रोव्हर्सनं त्यापाठोपाठ तीन वर्षं ओळीनं तो जिंकला आणि १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या बारा क्लबांत ते होते. मग गिरण्या गेल्या. क्लबही खाली गेला. तो वर आला तो गावातल्याच एका माणसामुळे. जॅक वॉकर, पोलादाच्या धंद्यात पैसा केलेला, लहानपणापासून रोव्हर्सचा वेडा. त्यानं केनी डॅलग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं, गोल मारणाऱ्या ॲलन शिअररला आणलं, आणि १९९५ च्या मे महिन्यात लाखभर वस्तीच्या त्या गावानं मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले होते, पण तिकडे युनायटेडनं वेस्ट हॅमशी बरोबरी केली आणि कप यांच्याकडे आला. हे सांगताना हा अबोल माणूस हातातलं मायक्रोमीटर हलवून सांगत होता, आणि आमचा ऑपरेटर ते पडेल म्हणून खाली हात धरून उभा.

वॉकर २००० साली गेला. त्याच्या पश्चात ट्रस्टनं दहा वर्षं क्लब सांभाळला, मग विकला. घेणाऱ्यांनी महिन्याभरातच सॅम ॲलरडाइस या अनुभवी प्रशिक्षकाला काढलं आणि स्टीव्ह कीनला बसवलं. कीन सल्लामसलतीला पुण्याला विमानानं जायचा. पाठोपाठ एक जाहिरात निघाली, त्यात ड्रेसिंग रूममध्ये रोव्हर्सचे खेळाडू सामन्याआधी कोंबडीच्या तंगड्या खात होते. मी ती रात्री यूट्यूबवर शोधून पाहिली. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, आपण क्रिकेटपटूंना यापेक्षा वाईट गोष्टी विकताना पाहिलंय. पण त्याचं म्हणणं, तिथे बसलेल्यांना त्या दिवशी कळलं की हे घेणाऱ्यांना आपण कोण वाटतो. २०१२ च्या ७ मे रोजी घरच्या मैदानावर विगनकडून १-० असे हरून रोव्हर्स प्रीमियर लीगबाहेर पडले. तो सामना चालू असताना कुणी तरी क्लबाचं निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली.

मला हसू आलं. आवरलंच नाही. त्यालाही आलं, पण माझं थांबल्यावर.

मग त्यानं विचारलं, 'तुला माहितीय ती कोंबडी आत कशी नेली असेल? मी आजही विचार करतो. कोटाखाली, पावसात, दोन तास.' मी म्हटलं, कोंबडीला अंधारात ठेवलं की ती गप्प बसते. हे मला माहीत असायचं कारण माझे मामा. दिंडोरी तालुक्यात त्यांचं पाच हजार पक्ष्यांचं शेड होतं, कंपनीच्या करारावर. ज्यांना नाशिक म्हणजे फक्त द्राक्षं आणि कांदा वाटतो त्यांनी एकदा दिंडोरी, सिन्नर, इगतपुरीच्या आडरस्त्यांनी फिरावं. लांबट, जाळीची, पडदे सोडलेली शेडं दिसतील. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. शेतकऱ्याचं शेड, वीज, पाणी, तूस आणि जागरण. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कंपनीची गाडी येऊन पक्षी भरून नेते आणि वजनावर संगोपनाचा दर देते. मर जास्त झाली की दर कमी. लहानपणी सुट्टीत आम्ही पहिल्या आठवड्याच्या पिल्लांना बघायला जायचो. बल्बखालचा तो पिवळा, चिवचिवणारा गालिचा, आणि डोळ्यांत झोंबणारा अमोनिया. मामी म्हणायची, लग्नाकार्याला जायचं तर दोन दिवस आधीपासून साडी दुसऱ्याच्या घरी ठेवावी लागते. एका उन्हाळ्यात मे महिन्यात लाइट गेली आणि एका दुपारीत बरेच पक्षी गेले. मामा ओली गोणपाटं लटकवत राहिले. सुपरवायझर आला, आकडे लिहून घेतले, गेला. मामांनी त्याला विचारलं, तुझा साहेब कधी येणार बघायला? तो म्हणाला, साहेब कुठे येतात? मामांचं एक वाक्य आमच्या घरात म्हण होऊन बसलंय: पक्षी कंपनीचा, वास माझा.

ते मी पाहुण्याला सांगितलं. (कंपनी वेगळी होती, हेही सांगितलं. उगाच कुणाच्या डोक्यावर दुसऱ्याचं पाप नको.) त्यानं ते वाक्य परत म्हणायला लावलं. वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी जरा नीट बोलायला लागलो.

कारण मग मी जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. मालक गोरे असते तर एवढं ओरडला असता का? तो लगेच नाही म्हणाला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, आमच्या स्टँडमध्ये त्या वर्षांत काही घोषणा अशा झाल्या ज्यांचा फुटबॉलशी संबंध नव्हता. माझ्या गल्लीत निम्मी घरं गुजराती आणि पाकिस्तानी आहेत, मला त्यांच्याकडे बघायची लाज वाटली. पण मग म्हणाला, 'मँचेस्टरवाल्यांना विचार, त्यांचे मालक अमेरिकन आहेत. न्यूकॅसलवाल्यांना विचार, त्यांचा तर इंग्रजच होता.'

मँचेस्टरवाल्यांना विचारायला मला लांब जायची गरज नाही. एक माझ्याच घरात राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आठवड्यातून एकदा मध्यरात्री 'अरे काय करतोय हा!' असं ओरडून सोसायटी जागी करतो. ग्लेझर कुटुंबानं २००५ साली ७९ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड घेतला तेव्हा लेक अजून रांगत होता. पण त्या व्यवहाराचा त्याला असा राग आहे की जणू आमच्या सातबारावरच कुणी बोजा चढवलाय. आणि तसं ते थोडंफार आहेही. क्लब घ्यायला काढलेल्या कर्जातला मोठा हिस्सा क्लबाच्याच डोक्यावर ठेवला गेला, आणि त्याचं व्याज तो क्लब वर्षानुवर्षं भरत राहिला. तिथल्या काहींनी त्याच वर्षी रागानं स्वतःचा वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, सभासदांच्या मालकीचा. पुढे हजारोंनी हिरव्या-सोनेरी मफलरी घातल्या, कारण युनायटेड जन्मला तेव्हाचे रंग ते. २०२१ च्या मे महिन्यात चाहते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलबरोबरचा सामना पुढे ढकलावा लागला. त्या रात्री लेक कॉलेज रोडवरच्या ज्या मित्राकडे सामना बघायला जाणार होता, तिथे कोविडमुळे मी त्याला सोडलं नव्हतं. तरी सामना रद्द झाल्यावर तो खोलीत एकटा नाचला. मी विचारलं, अरे सामना नाही म्हणून नाचतोस? तर म्हणाला, 'आई, आज आपण जिंकलो.'

आपण! ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेडचं मैदान, त्यानं फक्त पडद्यावर पाहिलंय.

२०२३ च्या २४ डिसेंबरला आम्ही एका लग्नात होतो, औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर. पंगतीत त्याच्या फोनवर बातमी आली की सर जिम रॅटक्लिफ युनायटेडचा पंचवीस टक्के हिस्सा घेतायत. आनंदाचं कारण असं की रॅटक्लिफ मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थचे, लहानपणापासून युनायटेडचे. 'आपला माणूस आला!' असं म्हणून त्यानं शेजारच्या अनोळखी आजोबांना जिलेबी वाढायला लावली. पुढे काय झालं? शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, हंगामाच्या मध्यातच सभासदांची तिकिटं ६६ पौंडांवर गेली, आणि २०२४-२५ मध्ये संघ पंधरावा आला. लेकाचा मला आलेला मेसेज जसाच्या तसा: आपला माणूस आपल्यासारखाच कंजूष निघाला.

न्यूकॅसलचं उलटं. माइक ॲशली हा इंग्रज दुकानदार, चौदा वर्षं मालक होता आणि गावाचा नावडता. ७ ऑक्टोबर २०२१ ला सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पुढाकारानं ३० कोटी ५० लाख पौंडांत क्लब विकला गेला, आणि हजारो लोक मैदानाबाहेर जमून नाचले. काहींनी डोक्याला घरातले टॉवेल गुंडाळले होते, अरबांसारखे दिसावेत म्हणून. मानवी हक्कांबद्दल ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना, आमच्या आनंदात विरजण घालू नका, असं उत्तर मिळालं. मला ते दृश्य आवडलं नव्हतं आणि अजूनही आवडत नाही. पण २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी लीग कप जिंकला, देशातला मोठा करंडक सत्तर वर्षांनी गावात आला, तेव्हा टीव्हीवर म्हातारे रडताना दिसले. त्यांच्याकडे बघून मला चिकित्सा करवेना. माणसं पैशाला भुलतात म्हणावं, तर वेंकीजनं ब्लॅकबर्नमध्ये आजवर २० कोटी पौंडांहून जास्त ओतलेत म्हणतात. आपल्या हिशेबात दोन हजार कोटींच्या वर. क्लबातून काढलेले नाहीत, क्लबात घातलेले. हे मी पाहुण्याला मुद्दाम ऐकवलं. तो म्हणाला, 'ठाऊक आहे. त्यांनी हात काढला तर दुसऱ्या दिवशी आम्ही बंद पडू. म्हणून तर जास्त त्रास होतो.' सुरुवातीला मालक सामन्याला यायचे. शिव्या पडायला लागल्यावर येणं कमी झालं, मग दिसेनासेच झाले. पैसे येत राहिले. 'कुणावर ओरडायचं ते तरी समोर हवं ना,' हे त्याचं म्हणणं.

घरी मी हे सगळं सांगत होते तेव्हा नवरा शेंगा फोडत बसला होता. तो मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, आणि फुटबॉलबद्दल बाकीच्या महाराष्ट्राला काही कळतं यावर त्याचा विश्वास नाही. 'तुमच्यात क्लब विकत घेत्यात म्हणजे नेमकं काय घेत्यात?' त्यानं विचारलं. लेकानं समजावलं, शेअर्स, मैदान, खेळाडूंचे करार. 'आणि शिवाजी तरुण मंडळ कुणी घ्यायचं ठरवलं तर? कुणाकडनं घेणार? पेठ विकणार व्हय कोण?' कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर या मंडळाचा पाटाकडील तालमीबरोबरचा सामना मी लग्नानंतर एकदा पाहिलाय. खेळ कमी कळला, आवाज जास्त. पण एक लक्षात राहिलं. संघ हरल्यावर मंडळाच्या कार्यकर्त्याला लोक कट्ट्यावर गाठून जाब विचारत होते आणि त्याला पळायला जागा नव्हती, कारण त्याचं घर त्याच गल्लीत. खेळाडू बाहेरचे, पैसे देणारे पुढारी, भांडणं, पोलीस, सगळं तिथेही आहे. नवऱ्याला वाटतं तितकं ते पवित्र नाही. फक्त जबाबदार माणूस सकाळी दूध घ्यायला खाली उतरतो.

पुण्याचं म्हणाल तर स्वतः पुण्याला आयएसएलमधला, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमधला क्लब पाच वर्षंच लाभला. एफसी पुणे सिटी २०१४ ला सुरू झाला, २०१९ ला गुंडाळला, त्याची जागा हैदराबादनं घेतली. माझ्या भाचीकडे त्याची एक नारिंगी मफलर आहे. ती विचारते, आता ही कुणाच्या सामन्याला घालू? कोलकात्यात मात्र मोहन बागानवाल्यांनी क्लबाच्या नावाआधी चिकटलेली, मालकांच्या आधीच्या क्लबाची 'एटीके' ही अक्षरं तीन वर्षं भांडून काढायला लावली. मालक तेच राहिले, पण २०२३ ला आयएसएलचा करंडक जिंकलेल्या रात्री त्यांना ते जाहीर करावं लागलं.

पाहुणा परत जायला निघाला तेव्हा मुंबईच्या विमानतळापर्यंत सोडायला मीही गाडीत होते, मला वाशीला काम होतं. कसाऱ्याच्या घाटात मी त्याला फोनवर एक फोटो दाखवला. १९३१ चा सप्टेंबर, डार्वेन. ब्लॅकबर्नला लागून असलेलं गाव, आता तर एकाच पालिकेत. गोलमेज परिषदेला लंडनला आलेले गांधीजी लँकेशायरला गेले होते. परदेशी कापडावरच्या आपल्या बहिष्कारानं तिथल्या गिरण्या आणखी डबघाईला आलेल्या, माणसं बेकार. आणि फोटोत त्या गिरणीच्या बायका गांधीजींच्या भोवती दाटीवाटीनं उभ्या राहून हात उंचावून हसतायत. मी म्हटलं, बघ, ज्यानं त्यांचा धंदा बसवला तो स्वतः येऊन उभा राहिला, तर त्यांनी त्याचा जयजयकार केला. माझ्या डोक्यात सगळं अगदी चोख बसलं होतं.

त्यानं फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. एकेक चेहरा. त्याची पणजी त्या भागात विणकरीण होती म्हणे, पण या फोटोत आहे का ते सांगता येणार नाही. मग म्हणाला, 'हो, आले. आणि गिरण्या तरीही बंदच पडल्या.'

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं मी त्याला उगाच १९०५ चं सांगितलं, पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली ते. ती पेटवण्यात पुढे असलेले सावरकर आमच्या नाशिकजवळच्या भगूरचे होते तेही. ज्या कापडाची होळी झाली त्यातलं काही त्याच्या गावचंही असणार. तो एकदम हसायला लागला. म्हणाला, 'म्हणजे आता आम्ही करतोय ते तुमच्याकडूनच आलं म्हणायचं.' वेंकीज आले तेव्हा रोव्हर्सच्या ईवुड पार्क या मैदानावर सरासरी पंचवीस हजार लोक यायचे, सहा-सात वर्षांत ते निम्म्यावर आले. संघ खाली घसरला म्हणून काही गेले, पण बरेच ठरवून जायचे थांबले. त्याचे वडील त्यातले. मालक बदलेपर्यंत एक पेनी देणार नाही, अशी शपथ घेऊन घरी बसलेत. हा स्वतः मात्र दर वर्षी सीझन तिकीट काढतो. घरात यावरून दोन ख्रिसमस वाया गेले.

'मग शनिवारी ते काय करतात?' मी विचारलं.

'रेडिओ लावतात. पैसे देत नाहीत, पण रेफरीला शिव्या अजून देतात.'